दीड इंच कमी

आमच्या घरातल्या चार पोरांना दिवाळीला एकाच कापडातले कपडे असतात आणि ते मीच शिवते. दोन पोरं माझी, दोन धाकट्या जावेची. मुलींना परकर-पोलकं, मुलांना त्याच कापडाची पट्टी लावलेले सदरे. लक्ष्मीपूजनाला चौघं ओट्यावर उभी राहिली की शेजारचे ‘बँडवाले आले’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. चौघांना शोभेल असं कापड निवडायला मला अख्खी दुपार लागते. घोडेगावचे मारवाडी शेठ दहा तागे उलगडून दाखवतात आणि तोंडातून ब्र काढत नाहीत.

मापं मी दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच्या रविवारी घेते. दीर-जाऊ घोडेगावात राहतात आणि रविवारी शिनोलीला आमच्याकडे येतात. त्या रविवारी मी जावेच्या मुलीच्या कमरेला टेप लावला. ती सात वर्षांची. कंबर वीस इंच भरली. मापांच्या वहीत गेल्या दिवाळीची साडेएकवीस लिहिलेली होती. छातीही इंचभर कमी. उंची मात्र दोन इंच वाढलेली.

कापडी टेप जुना झाला की ताणला जातो आणि माप कमी दाखवतो, म्हणून आधी मी टेपवरच खापर फोडलं. पण त्याच टेपने बाकीची तिघं वाढलेली होती. तरीही मुलाच्या दप्तरातली पट्टी काढून टेप ताडून पाहिला. टेप बरोबर होता.

जाऊ चार हातांवर शेंगा फोडत बसली होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी उघडलं नाही.

कारण आदल्या उन्हाळ्यात मी ते उघडलं होतं. जाऊ अवसरीच्या कॉलेजात ऑफिसात काम करते, सकाळी सातला निघते ती संध्याकाळी उगवते. एका लग्नात चार बायकांदेखत मी थट्टेत म्हणाले होते, “आमच्या मॅडमला रांधायला वेळ कुठाय, पोरं बिस्किटावर वाढत्यात.” बायका हसल्या. जाऊ हसली नाही. पुढचे दोन महिने ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायला नको. तिच्या पोरांच्या खाण्यापिण्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मग मी काय केलं, तर वहीत खरं माप लिहिलंच नाही. वाढत्या अंगाला जेवढं असायला हवं तेवढं धरलं, साडेबावीस, आणि कात्री चालवली. नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, “पोरं उंच व्हाया लागली की बारीक व्हत्यात.” मला हेच ऐकायचं होतं. तरी आठवडाभर मशीनवर बसले की तो आकडा डोक्यात घोळायचा. दोनदा जावेला फोन लावायला घेतला. तिला काय वाटेल या विचाराने दोन्ही वेळा ठेवून दिला. मला पोरीच्या प्रकृतीपेक्षा तिच्या आईच्या रागाची भीती जास्त वाटत होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्या रविवारी कपडे अंगावर घालून बघायला मी चौघांना उभं केलं. तिघांचे कपडे मापात बसले. तिचं पोलकं खांद्यावरून उतरत होतं. परकराची नाडी आवळली तर चुण्यांचा गठ्ठा पोटावर जमा झाला. गालही आत गेले होते. आल्यापासून ती दोनदा मोरीत जाऊन आली होती आणि तरी म्हणत होती, “मोठी आई, पानी.” हा तिचा तिसरा तांब्या होता.

जाऊ जवळ आली आणि पोलक्याची शिवण चिमटीत धरून बघू लागली. “एवढं ढगळ कसं काय ताई? अंदाज चुकला का?”

‘हो, चुकला’ एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. तासाभरात मी दोन्ही शिवणी आत घेतल्या असत्या. शब्द ओठांवर आलाच होता. तेवढ्यात पोर खाली बसली आणि कापडाच्या तुकड्यांवरच आडवी झाली. सकाळचे अकरा वाजले होते. “मला झोप आलीया,” ती म्हणाली.

“अंदाज न्हाई चुकला,” मी म्हणाले. “पोर आटलीया. गेल्या साली व्हती त्यापरीस कंबर दीड इंच कमी झालीया.”

“ताई, परत सुरू करू नका. मी पोरीला उपाशी ठेवत न्हाई.”

“मी तसं म्हनत न्हाई.”

“मग काय म्हनताय? दोन-दोन डबे देते मी तिला. सगळं खाती, वर मागती. पानी तर लई पिती, रातचं उठून उठून पिती. एवढी घोडी झाली तरी हातरुण वलं करती, ते बी मीच धुते...”

बोलता बोलता ती थांबली. आपलंच बोलणं तिला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं असावं. तिने खाली पोरीकडे पाहिलं. पोरीचे डोळे मिटले होते आणि छाती भराभर वरखाली होत होती. जावेने तिला तशीच, ढगळ पोलक्यासकट उचललं आणि दिरांना हाक मारली.

घोडेगावच्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. यंत्रावर आकडाच उमटला नाही, इतकी साखर वाढली होती. त्यांनी तडक पुण्याला पाठवलं. तीन दिवस काच लावलेल्या दारापलीकडे पोर आणि अलीकडे आम्ही दोघी. लहान मुलांनाही मधुमेह होतो हे मला तिथे कळलं. वेळेवर आणलंत, तिथले डॉक्टर म्हणाले, आणि जावेने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

आता पोर बरी आहे. रोज इंजेक्शनं घेते, शाळेत जाते, भांडते. गोडाचं ताट पुढून सरकवताना तिचं तोंड एवढंसं होतं, ते मला बघवत नाही.

जाऊ हळदीकुंकवाला, बारशाला, बायका जमतील तिथे सांगते, “आमच्या ताईंनी टेप लावला आन् तितंच वळखलं. न्हाईतर माझी पोर गेली व्हती.” मी पदर सारखा करते. आठ दिवस आधीच कळलं होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही दोघीच असलो की ती कधी कधी रडते. अंथरूण ओलं केलं म्हणून एका सकाळी तिने पोरीला मारलं होतं, चांगला वळ उठेपर्यंत. “पोर आजारी व्हती ताई, आन् मी मारलं,” ती म्हणते. “मला काय ठावं?” ती सकाळ त्या आठ दिवसांतली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, “तुला कसं कळनार गं?”