मी शुद्धीत होते

"हिला पोरं किती?"

"दोन लिहिलीत, सर."

"दोनच? यांच्यात? मग शिकलेली दिसतेय."

तीन-चार जण हसले.

हे मी ऑपरेशन टेबलावर ऐकलं. माझं पोट तेव्हा उघडं होतं, गर्भाशय काढायचं काम चाललं होतं. बोलणारे माझे सर्जन. ओपीडीत चार वेळा ऐकलेला आवाज, चुकणं शक्यच नव्हतं. मला पूर्ण भूल दिली होती. निदान खोलीतल्या सगळ्यांची तशी समजूत होती.

भुलीत एक औषध झोपवतं आणि एक अंग सैल पाडतं, हे मला खूप नंतर कळलं. माझं झोपेचं औषध संपलं होतं. अंग सैल पाडणारं चालू होतं. हात हलेना. पापणी हलेना. घशात नळी, डोळ्यांवर चिकटपट्टी. आणि पोटात माणसांचे हात.

दुखणं कसं होतं ते सांगते. मी दोन बाळंतपणं काढलीत. त्यात ओरडता येतं, कुणाचा तरी हात धरता येतो. इथे आत कुणीतरी ओढत होतं, कापत होतं, आणि माझ्या तोंडातून हुं निघत नव्हतं. मला वाटलं मी मेलेय, आणि मेल्यावर असंच दुखत राहतं.

डोक्याशी भूलतज्ज्ञ फोनवर बोलत होते. "चिनूचा क्लास चारला सुटतो. रिक्षा करू नकोस, मी आणतो तिला."

सिस्टर म्हणाली, "सर, पल्स एकशे चाळीस झालाय."

"बघतो." फोन चालूच.

"सर, बीपीपण वाढलंय."

मग स्टूल सरकल्याचा आवाज. आणि भूलतज्ज्ञांचा दबका आवाज, "अरे, हे रिकामं झालंय. भर, भर लवकर."

त्यापुढचं मला आठवत नाही.

मी खडकीची. आमची ही इथली चौथी पिढी. नवरा फॅक्टरीत. मी महापालिकेच्या शाळेत एकोणीस वर्षं मराठी शिकवते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी याच भूलतज्ज्ञांनी फाइलवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "आपको मराठी समझता है क्या?" मी म्हटलं, "समजतं. शिकवतेही." त्यांनी मान वर केली नाही. पुढचे प्रश्नही हिंदीतच. दमा है क्या, ॲलर्जी है क्या. मी मुकाट्याने उत्तरं दिली.

गप्प बसायची मला सवय होती. नाव ऐकून घरमालकाने ठरलेला फ्लॅट नाकारला, तेव्हा गप्प. स्टाफरूममध्ये एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही अगदी आमच्यासारखं बोलता हो," तेव्हा हसून गप्प. हसले याची लाज आज जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलं, मी जागी होते, मला सगळं कळत होतं. ती सलाईन नीट करत राहिली. "स्वप्न पडलं असेल, ताई." सर्जन राउंडला आले, टाके बघितले, "उत्तम" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली.

घरी आले. उताणी झोपले की गुदमरायचं. कुणी मागून हसलं की मी वळून बघायचे. शाळेत रुजू झाले. एक दिवस सातवीला श्रुतलेखन देत होते. मी बोलायचं, मुलांनी ऐकलेलं जसंच्या तसं उतरवायचं. अर्ध्या वाक्यात मी थांबले, पुढचं सांगताच येईना. मुलं पेन थांबवून बघत राहिली.

त्याच संध्याकाळी मी वही घेतली आणि टेबलावर ऐकलेलं सगळं उतरवलं. शब्द न शब्द. कोण बोललं तेही.

नवऱ्याने वाचलं. वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "जाने दो. जान बची ना? अपना नाम देख के उल्टा अपने पे आयेगा." तो भित्रा नाही. त्याने आयुष्यभर हेच बघितलंय. तरी मी म्हटलं, "जान बची, पण त्या टेबलावर जागी होते कोण? मीच ना?"

हॉस्पिटलकडे कागद मागितले. पेशंटला ते द्यावेच लागतात. तरी चार खेपा घालायला लावल्या. आज साहेब नाहीत, उद्या अर्ज दुसऱ्या नमुन्यात आणा. शेवटी मिळाले. भुलीच्या तक्त्यात पल्स ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. एकाच पेनाने, एका दमात लिहिल्यासारखं सुबक अक्षर. एकशे चाळीस कुठेच नाही.

मी हॉस्पिटलकडे लेखी तक्रार दिली. मग बोलावणं आलं. प्रशासक, सर्जन, भूलतज्ज्ञ टेबलापलीकडे. अलीकडे मी आणि नवरा. हो, तो आला होता.

भूलतज्ज्ञ माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "ऐसा होता है. सपना आता है. लेडीज को थोडा ज्यादा."

मी विचारलं, "चिनूचा क्लास अजून चारलाच सुटतो का?"

त्यांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच ते माझ्याशी मराठीत बोलले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. माझं पोट उघडं होतं तेव्हा."

प्रशासक मध्ये पडले. "भूल चढायच्या आधी ऐकलं असेल आपण."

"मग 'हे रिकामं झालंय, भर लवकर' हेही आधीच ऐकलं का? तसं असेल तर रिकाम्या यंत्रावर मला घेतलंत कशाला?" मग सर्जनकडे वळले. "आणि डॉक्टर, मला दोनच मुलं आहेत. शिकलेली आहे मी. तुमचा अंदाज बरोबर होता."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मला ओटी आहे," म्हणाले आणि उठून गेले.

प्रशासकांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझी तक्रार गैरसमजातून झाली असून शस्त्रक्रीयेबाबत मी पूर्ण समाधानी आहे.' ते गोड आवाजात म्हणाले, "सही करा, मॅडम. आपल्याच हिताचं आहे. ही प्रकरणं वाढवली की माणसाचं मनःस्वास्थ्य जातं. आमच्याकडे मानसोपचारही आहेत."

म्हणजे वेडी मी.

नवऱ्याचा हात माझ्या कोपरावर आला. मी पर्स उघडली. वह्या तपासायचं लाल पेन काढलं. 'शस्त्रक्रीया'वर गोल केला, ऱ्हस्व 'क्रि' करून दिली. 'गैरसमजातून' खोडलं. 'पूर्ण समाधानी' खोडलं. समासात लिहिलं, 'हे माझे म्हणणे नाही. मी शुद्धीत होते.' त्याखाली सही केली आणि कागद परत सरकवला.

जिना उतरताना नवरा म्हणाला, "अब आगे?" मी म्हटलं, "आता वकील."

याला तीन वर्षं झाली. ग्राहक आयोगात माझी केस पडून आहे. तज्ज्ञाचं मत आणा म्हणतात. सहा भूलतज्ज्ञांकडे गेले. चौघांनी कागद वाचून मान डोलावली, "तुम्ही म्हणता तसं झालेलं असू शकतं" म्हणाले, पण लिहून द्यायला एकही तयार नाही. "आम्हालाही याच शहरात राहायचंय, मॅडम." मलाही इथेच राहायचंय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. यंत्राच्या आतली नोंद मागितली, तर ती आपोआप पुसली गेली म्हणे. सिस्टरने नोकरी सोडली, पत्ता कुणी देत नाही. टाक्यांच्या जागी आता हर्निया झालाय. पुन्हा टेबलावर जायला हवं. जाईन. पण भूल देणाऱ्याला आधी समोर बसवून, हे सगळं ऐकवून जाईन.

मागच्या तारखेला हॉस्पिटलच्या वकिलांनी पुन्हा मुदत घेतली. बाहेर व्हरांड्यात मला गाठलं, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे सिद्ध नाही व्हायचं. किती वर्षं येत राहणार आपण?"

मी म्हटलं, "तुम्ही तारखा घेत राहा, मी रजा घेत राहते. रजा संपल्या की बिनपगारी येईन. निवृत्त झाले की रोज मोकळीच. उलटतपासणीत काय विचारायचं ते विचारा. केस मी मागे घेणार नाही."