दगडावरून खरवडलेलं नाव

महाराजांच्या राज्यात मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. थोरला भाऊ शिळाछापखान्यात कारागीर होता; तिथं चित्र आधी दगडावर उतरवून मग कागदावर छापत. आम्हा दोघांनाही वडिलांनीच अक्षर वळवायला शिकवलं. मी कागदावर राहिलो, भाई दगडावर गेला.

विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टरांनी मला बंगल्यावर बोलावलं. त्यांच्याकडचा सूक्ष्मदर्शक वेगळाच होता. पाहायच्या वस्तूच्या खाली एक आणि वर एक, असे पारदर्शक खड्याचे दोन लोलक. वरचा फिरवत नेला की एका जागी सगळा उजेड विझायचा आणि त्या काळोखात मोजक्याच गोष्टी चमकत राहायच्या. बटाट्याच्या पिठाचा कण पाहून मी दचकलोच. शिंपल्यासारखा पांढरा, आणि त्याच्यावर काळी फुली.

"मास्तर, हे मला काढता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काढा. पुस्तक निघेल तेव्हा प्रत्येक चित्रावर तुमचं नाव असेल."

दोन वर्षं दर रविवारी सकाळी मी गेलो. खालच्या आरशावर ऊन असेतो काम चाले. कागदाला काजळी फासायची आणि सुईनं उजेड खरडून काढायचा. शाहूवाडीचा तांदूळ, नाचणी, बोकडाच्या मांसातले आडवे पट्टे. एकदा गंमत म्हणून डब्यातलं भाताचं शीत चिरडून काचेखाली ठेवलं, तर काळोखच राहिला. फुली नाही, चमक नाही.

"डॉक्टर, शिजला की उजेड जातोय!"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मास्तर, हे मला सुचलं नसतं," असं म्हणून पाठ थोपटली.

चित्रं भाईच्याच छापखान्यात गेली. मी त्याला म्हटलं, "कोपऱ्यातलं नाव बारीक हाय. जपून."

"ते काय सांगाय लागतंय व्हय?" तो हसला.

तीन महिन्यांनी पुस्तक हातात आलं. पानामागून पान उलटलं. एकाही कोपऱ्यात माझं नाव नव्हतं. तिथं नुसता करडा डाग. मला कामापुरती इंग्रजी येत होती. भाताच्या पानावर लिहिलं होतं, 'एके दिवशी माझ्या मनात आलं.'

मी तडक डॉक्टरांकडे गेलो.

"शास्त्राच्या पुस्तकात चित्रकाराचं नाव शोभत नाही, मास्तर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आणि भाताचं?"

"भात तुम्ही आणलात. त्याचा अर्थ मी लावला."

त्यांचा राग आला, पण ते परके होते. दगडावरचं नाव आपोआप जात नाही, हे मला ठाऊक होतं. भाई अंगणात दगड घासत बसला होता.

"कुणी खरवडलं?"

त्यानं मान वर केली नाही. "मी."

"का?"

"डाक्टरनं मालकाला सांगितलं, मालकानं मला. न्हाय म्हणून घरी बसू काय?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू चित्रं परत मागितली असतीस की."

मधे ईद येऊन गेली होती. नमाजानंतर त्यानं मला तीनदा गळ्याशी धरलं होतं. रोज एका ताटात जेवत होतो. सगळं माहीत असून तो माझ्यापुढं घास सरकवत होता.

रविवारचं जाणं मी बंद केलं. डॉक्टरांचा निरोप दोनदा आला. नंतर त्यांना दुसरा कुणी मिळाला. भाईशी मी बोलत राहिलो, पण आईचं औषध आणि गळकी कौलं, एवढंच. माझं एकही चित्र त्याला पुन्हा दाखवलं नाही.

पुष्कळ वर्षांनी एका सकाळी, मी शाळेला निघालो असताना, तो कापडात बांधलेलं पुडकं घेऊन दारात आला. आत चित्रांचे कच्चे छाप होते, नाव खरवडण्याआधीचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझं बारीक मोडी अक्षर.

"तवाच काढून ठेवले हुते," तो म्हणाला. "द्यायचं धाडस झालं न्हाय."

मी सगळे पाहिले, पुन्हा बांधले आणि त्याच्या हातात दिले.

"तुझ्याकडंच ठेव, भाई."

मी पायताण घातलं आणि निघालो.