रफू केलेला पुरावा

रफूमावशींच्या दुकानात फाटलेला कपडा फक्त आत येतो. बाहेर जाताना तो कुठे फाटला होता हे मालकालाही ओळखता येऊ नये, असा त्यांचा शिरस्ता. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. ताठ उभं राहायची हौस असणाऱ्यांनी बाहेर थांबावं.

मावशी आणि त्यांचा नवरा इथे निर्वासित म्हणून आले. मावशींचा धाकटा भाऊ मागून निघाला. मावशी सीमेच्या कुंपणाशी त्याची वाट पाहत होत्या. तो अलीकडे पोचलाही. इथल्या पहारेकऱ्यांनी त्याच्यावर कुत्री सोडली आणि तशाच अवस्थेत त्याला पलीकडे फेकलं. तिथेच तो गेला. सोबत्याने त्याचा सदरा तेवढा मावशींकडे पोचवला. इथलं सरकार म्हणालं, त्या दिवशी सीमेवर कोणी आलंच नव्हतं. कुत्र्यांना कोणी विचारलं नाही.

इथल्या कोर्टाला सरकारचं पटलं. मग एका वकीलबाईंनी प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचं ठरवलं. मावशींचं नाव गुप्त राहणार होतं; सगळी भिस्त सदऱ्यावर. "उद्या न्यायला येते," त्या म्हणाल्या. कपडा न्यायला येणार म्हटल्यावर मावशींचा हात सवयीने सुईकडे गेला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी सदरा उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"मावशी, दातांच्या खुणा कुठायत?"

"शोधून दाखवा!" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"आणि रक्त?"

"धुतलं. चार परक्या माणसांत तसाच कसा पाठवायचा त्याला?"

वकीलबाई स्टुलावर बसल्या. "आता नाव लपवून चालणार नाही. साक्ष उघड द्यावी लागेल."

नवरा कळवळला. "अगं, आपला राहायचा परवाना सरकारच्याच टेबलावर पडलाय! आपल्यालाही पलीकडे फेकतील."

"फेकू देत. त्यासाठी आधी आपण इथे आहोत हे तरी कबूल करावं लागेल त्यांना."

"चेष्टा सुचतेय तुला?"

"अहो, धडधाकट माणसाला 'आलाच नव्हता' म्हणाले. चेष्टेला सुरुवात कोणी केली?"

"निदान चेहरा न दाखवता पडद्याआडून बोलता येईल," वकीलबाई म्हणाल्या.

"पडदा नको, बाई. मी त्या पहारेकऱ्यांना बघितलंय. आता त्यांनी मला बघावं."

नवरा दार लावायला उठला. मावशींनी त्याला हाताने खाली बसवलं, आणि आधी भावाचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. समोरच्या फुटपाथवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.