गंज नव्हे, कुंकू

पिस्तुलाच्या तेलाचा वास आला की ग्लासगोमधला तो रविवार आठवतो आणि अजूनही डोकं तापतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होतो आणि मला जुनी पोलिसी रिव्हॉल्वरं जमवायचा नाद होता. त्यातलं एक फार लाडकं. कुणा कॉन्स्टेबलच्या तळव्याने गुळगुळीत झालेली त्याची लाकडी मूठ, जड चाप, आणि गोळी सुटली की थेट खांद्यापर्यंत जाणारा तो झकास धक्का. शनिवारी दसरा होता. बायकोने ते पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. रविवारी मी ते आमच्या नेमबाजीच्या क्लबमध्ये नेलं, तर सेक्रेटरीने खाचेतला लाल कण नखाने उकरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "डॉक्टर, गंज चढू दिलात?" मी म्हणालो, "गंज नाही, कुंकू आहे. काल आमच्या सणाला आम्ही शस्त्रांची पूजा केली." तो हसला. "बंदुकीची पूजा करणाऱ्याला मी इथे गोळी झाडू देणार नाही." त्याच्या मागे भिंतीवर त्याच्याच आजोबांची तलवार होती. दर नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, तिला लाल पॉपीच्या फुलांचा हार घालून हाच माणूस मान खाली घालून उभा राहायचा. मी तिकडे बोट दाखवलं. "दॅट्स डिफरंट," तो म्हणाला. पुढे कायदा बदलला, रिव्हॉल्वरं जमा करावी लागली, घरात उरली ती फक्त तेलाची बाटली. दर दसऱ्याला मी तिलाच कुंकू लावतो. डिफरंट ते काय होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.