हात वर, पाय घट्ट

ओडेसा ग्रिग्जच्या हातात एकोणीस वर्षं एकच हत्यार होतं: काठीच्या टोकाला ठोकलेली लाल पाटी, दोन्ही बाजूंनी 'थांबा' लिहिलेली. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी पावणेतीनला सुटताना ती मर्सर स्ट्रीटच्या नाक्यावर पाटी उंचावून उभी राहायची आणि भलेभले ट्रकवाले करकचून ब्रेक मारायचे. नवरा पोलादाच्या भट्टीवर होता, तो गेल्यावर तिने त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं सूप वाढलं. कारखाना बंद पडला तेव्हा शाळेने तिला नारिंगी जाकीट दिलं. पगार बेताचा, रुबाब मात्र फौजदाराचा.

पोर्ट हार्लनला तशी फौजदारांची गरजच उरली नव्हती म्हणा. तिथे बिग वॉल्टर होता. बावीस वर्षांपूर्वी बंदरावरचा पूल कोसळत असताना करडी डांगरी घातलेला एक माणूस आभाळातून उतरला, त्याने पूल खांद्यावर तोलून धरला, आणि बातमीदारांनी नाव विचारलं तर म्हणाला, "वॉल्टर." शिकागोवाले पोट धरून हसले, की तुमच्या रक्षणकर्त्याचं नाव नळ दुरुस्त करणाऱ्यासारखं! हसू देत. त्यानंतर गावात एक बँक लुटली गेली नाही, एका बाईची पर्स खेचली गेली नाही. मग शहाण्यांनी काय केलं? पोलीस कमी करत करत चाळिसांवर आणले आणि वाचलेल्या पैशांत बंदरावर रंगीत कारंजी बांधली. असं शहाण्यांचं गाव.

वॉल्टर यायचा तो बंदुकीच्या गोळीच्या वेगाने. पहिल्याच वर्षी जीव घेऊन पळणारी तीन माणसं त्याच्या वाटेत आली आणि त्याच्याच धक्क्याने गेली. तेव्हा तो टीव्हीवर येऊन रडवेल्या आवाजात म्हणाला होता, "हात जोडतो, पळू नका. असाल तिथे उभे राहा, उजवा हात वर करा. मी नऊ सेकंदांत येतो." त्याचा कायदा झाला, कायद्याची कवायत झाली. हात वर, पाय घट्ट, नऊपर्यंत मोजा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी भोंगा वाजला की अख्खं गाव रस्त्यात उभं राहून मोजायचं, आणि मर्सर स्ट्रीटवरच्या पोरांकडून ते करून घ्यायचं काम ओडेसाचं.

तिने ते मन लावून केलं, हेच तर दुखणं आहे. नुसता हात वर करून उभं राहणं कुणालाही जमतं, खरा कस लागतो तो घाबरल्यावर, असं तिचं म्हणणं. म्हणून पोरं मोजायला लागली की ती एकदम किंचाळायची, "पळा! पळा रे, मेलात!" पाटी फुटपाथवर आपटायची, गळा काढायची, सगळी नाटकं करायची. जो पळाला तो बाद. जो हलला नाही त्याला निळी फीत. सुरुवातीला निम्मी पोरं पळायची, नंतर एकही पळेना. तिची सात वर्षांची नात ओपल हिच्याकडे पाच फिती होत्या, आणि त्या ती झोपतानासुद्धा काढत नसे.

नाक्यावरच लिओपोल्ड स्टाशाकची बेकरी होती. सत्तरी ओलांडलेला पोलिश म्हातारा, ओडेसाची खोडी काढल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे. त्या मंगळवारीही तो जॅम भरलेला गोड पाव, पोंच्की, कागदात गुंडाळून दारात आला.

"काय गं ओडेसा, आज किती गाड्यांना धाक घातलास?"

"तुझ्या पोंच्कीपेक्षा कमीच माणसं घायाळ केली. कालचा दगड होता दगड!"

"तरी खाल्लास ना?"

"दोन खाल्ले. पण शिव्या देत देत."

हे तिचं त्याच्याशी शेवटचं धड बोलणं.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी बिग वॉल्टर आभाळातून पडला. कुणी मारला नाही, कुणी विष घातलं नाही. डोक्यातली एक शीर फुटली आणि तो कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन आदळला. पायऱ्या फुटल्या, त्या पायऱ्यांवर बसून डबा खाणारे दोन कारकून चिरडले गेले. लोकांनी भोवती कडं केलं आणि हात वर करून त्याच्याचसाठी नऊपर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं. आरोपी असता तर गावाने त्याचे तुकडे केले असते आणि राग निवला असता. आरोपीच नव्हता, म्हणून गाव आपल्यावरच उलटलं. एक वाजता कोर्ट पेटलं. दीड वाजता लोक वॉल्टरच्या पुतळ्याला साखळ्या बांधून, "सोडून गेलास ना रे!" म्हणून रडत रडत तो पाडत होते, आणि पुतळ्याखाली सापडून मेलेल्या बाईकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

गावात सगळ्यात आधी भानावर आले ते चोर.

दोन वाजता ओडेसा नाक्यावर पोचली तेव्हा पाच जण बेकरीची काच फोडत होते. सगळे नवखे, बावीस वर्षांत गावात चोरी कुणी शिकलंच नव्हतं. स्टाशाक बाहेर आला. त्याच्या हातात लाटणं होतं, म्हातारा अंगाने दांडगा होता, आणि मागचं दार उघडं होतं. त्याने काय केलं? लाटणं खाली ठेवलं आणि उजवा हात वर केला.

"एक," तो म्हणाला.

पाचांतला एक बघतच राहिला. "आजोबा, तो मेला. रेडिओ नाही का तुमच्याकडे?"

"दोन. तीन."

तिसऱ्या आकड्याला लोखंडी सळई गुडघ्यावर बसली. तो कोसळला, एका हातावर रेलून पुन्हा दुसरा हात वर केला. चौथ्याला खांदा मोडला, तेव्हा त्याने मोडल्या खांद्याचा हात दुसऱ्या हाताने उचलून धरला. सातपर्यंत त्याच्या तोंडून शब्द येत होते. पुढे सळई पडत राहिली, आणि तो आवाज ओल्या गोणीवर बडवल्यासारखा होता.

रस्त्यापलीकडे, वीस पावलांवर ओडेसा उभी होती. जड पाटी तिच्या डाव्या हातात होती. उजवा हात वर होता. ती मोजत होती. नऊ झाले, दहा झाले, चौदापर्यंत ती मोजत राहिली, आणि मग कुणीतरी पावांची टोपली घेऊन तिच्या अंगावरून निघून गेलं. तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय बघत उभ्या आहोत. ती हात खाली ओढू लागली. तो खाली येता येईना.

ती स्टाशाकजवळ जाऊन बसली. त्याचं डोकं मांडीवर घ्यावं म्हटलं तर डोकं म्हणावं असं फार उरलं नव्हतं. "मूर्खा," ती म्हणाली, "मागचं दार उघडं होतं रे." आणि ती शिवी कुणाला दिली हे तिचं तिलाच ठाऊक. किती वेळ बसली कोण जाणे. पावणेतीनची घंटा झाली तेव्हा ती पाटी घेऊन ताडकन उठली.

शाळेने पोरांना काही सांगितलंच नव्हतं. आईबापांनी घरी नीट समजावून सांगावं, उगाच रडारड नको, असा मोठ्या बाईंचा विचार. शाळा वेळेवर सुटणार म्हणजे सुटणार. चौतीस पोरं दप्तरं उडवत नाक्यावर आली, सगळ्यांत पुढे ओपल. त्याच वेळी मर्सर स्ट्रीटच्या वरच्या टोकाला चोरलेला कचऱ्याचा ट्रक वळला. मागे उभी असलेली माणसं दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवर गोळ्या झाडत होती आणि मजेने ओरडत होती. रस्ता उताराचा. ट्रक फुटपाथवर चढला, दिव्याचा खांब आडवा केला, एका पळत्या माणसाला भिंतीवर घासत नेलं.

चौतीस पोरं उभी राहिली. चौतीस उजवे हात वर गेले. पाय घट्ट.

"एक," पोरं एका सुरात म्हणाली.

"पळा!" ओडेसा किंचाळली. "पळा रे! मेलात!"

एकही हललं नाही. हलतील कशी? याच बाईने, याच नाक्यावर, याच शब्दांनी त्यांना न हलायला शिकवलं होतं. उलट दोन-चार जणांनी माना आणखी ताठ केल्या.

"वॉल्टर मेलाय! ऐका माझं! तो येणार नाही!"

ओपल गालात हसली. "हे नवीन आहे हं, नॅना," ती ओठ न हलवता पुटपुटली. "पण मी नाही फसायची."

"तीन," पोरं म्हणाली.

ओडेसाने पाटी दोन्ही हातांनी धरली आणि नातीच्या तोंडावर मारली.

अख्खं अंग झोकून मारली. ओपलचा ओठ फाटला, पुढचे दोन दात उडाले, त्यांतला एक दुधाचा नव्हता. ती मागे पडली, आणि वर बघितलं तर पाटी पुन्हा वर गेलेली. "हात खाली! ऊठ! नाहीतर मारून टाकीन तुला!" आणि ओडेसाने दुसरा घाव तिच्या वर केलेल्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघींनाही आला. तेव्हा ओपल पळाली.

मग ओडेसा बाकीच्यांवर धावून गेली. पाठीत, पायांवर, कानशिलावर, जो सापडेल त्याला झोडत सुटली. केसांना धरून फेकलं. रक्ताने माखलेलं नारिंगी जाकीट, हातात मोडक्या काठीची पाटी, तोंडाला फेस. पोरं ट्रकला भ्यालीच नव्हती, ट्रक म्हणजे कवायत. ती मिस ओडेसाला भ्याली. "मिस ओडेसा वेडी झाली!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळा कळप समोरच्या बाप्टिस्ट चर्चच्या तळघराकडे उधळला. ती मागून पाटी परजत, शिव्या देत, त्यांना हाकत होती.

एक राहिला. टोबायस नावाचा पाचवीतला पोरगा, रांगेच्या अगदी टोकाला होता. ती त्याच्या दिशेने वळली होती, चार पावलं उरली होती. तो तिच्याकडे बघत होता, हात सरळ वर, आणि दुसऱ्यांदा मोजता मोजता ओठ आठाच्या आकड्यावर आले होते. ट्रक त्याच्यावरून गेला, बेकरीत घुसला आणि तिथेच पेटला.

तळघरात तेहेतीस पोरं भिंतीला चिकटून बसली होती. ओडेसा आत आली तशी सगळी आणखी सरकली. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचं नाक. तिने दार लावलं, कडी घातली, बाकडं आडवं ओढलं आणि मोडकी पाटी मांडीवर घेऊन दाराशी बसली. कुणी तिच्याजवळ येईना. तिलाही कुणी जवळ यावं असं वाटत नव्हतं. स्टाशाक, टोबायस, दोघे डोळ्यांपुढून हलत नव्हते.

आधी ओपलच बोलली. तोंड सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

"तू मला मारलंस."

"हो."

"वॉल्टर खरंच मेला?"

"खरंच मेला, सोन्या."

"आणि टोबायस?"

"तोही," ओडेसा म्हणाली. कुणीतरी मुसमुसायला लागलं. वर रस्त्यावर पुन्हा गोळ्या सुटल्या, अगदी जवळ, चर्चच्या काचा खळाखळा खाली आल्या. तळघरात पाच-सहा उजवे हात आपोआप वर गेले. ओपलचाही, मोडक्या मनगटासकट.

"पुन्हा मारशील?" तिने विचारलं.

"हात वर राहिला तर मारीन," ओडेसा म्हणाली. "परत परत मारीन. तुला पुरण्यापेक्षा मारलेली बरी."

ओपलने तिच्या मांडीवरच्या पाटीकडे बघितलं. मग मोडका हात हळूच खाली घेतला आणि छातीशी धरला. एकेक करून बाकीच्यांनीही हात खाली घेतले. सगळ्यात छोटा पोरगा होता, त्याचा काही खाली राहीना, म्हणून तो आपल्या उजव्या हातावर बसला. ते बघून शेजारचीही बसली, मग तिसरा, मग सगळी रांग.

पुन्हा गोळी सुटली. ओडेसाने पाटी बाजूला ठेवली आणि आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला. तोही मघापासून वर जायला बघत होता.