वॉटर स्कूटरचा मिस्त्री

कार्ब्युरेटरचा बारीक भोकाचा पितळी जेट ओठांत धरून तो जोरात फुंकायचा, तोंडात आलेलं पेट्रोल बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, "झालं समजा." झालेलं काहीच नसायचं. पुढच्या अर्ध्या तासात तोच जेट तो आणखी तीनदा फुंकायचा.

असा एखादा मिस्त्री तुमच्याही पाहण्यात असेल. याचं गॅरेज ढाणकीला होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लाकडी पेटी. जुन्या मोटारसायकली आणि कपाशीवर फवारणी करायचे पंप, ही त्याची विद्या. आमच्या मालकानं धरणावरच्या बोटिंगसाठी गोव्याहून एक जुनी टू-स्ट्रोक वॉटर स्कूटर आणली आणि ती आठच दिवसांत रुसली, तेव्हा तालुक्यात तिला हात लावायला दुसरं कोणी तयार होईना. हा आला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि चपलेनंच तिला टोचून म्हणाला, "हा तं फवारणीच्या पंपाचा मोठा भाऊ हाय. इंजन पाण्यावर चालो का बांधावर, इंजनच असते."

मी तिथं तिकिटं द्यायचो आणि लोकांना लाइफ जॅकेटं घालायचो. पण मी आयटीआय केलेला माणूस. माझं सर्टिफिकेट तिकिटाच्या खिडकीमागं फ्रेम करून लावलेलं असायचं. स्कूटरसोबत आलेलं पुस्तक मी पहिल्याच दिवशी वाचून काढलं होतं. ते त्याच्यापुढं धरलं, तर त्यानं त्याच्यावर पाना ठेवला. "पुस्तक वाचून कोनाची गाडी सुरू झाली, सायब?"

मला 'सायब' म्हणणारा जगात तो एकटाच, आणि तो ते असं म्हणायचा की खाली मान घालावीशी वाटे.

त्या स्कूटरला दोन कार्ब्युरेटर. दोन्हींचे स्क्रू तो चहाच्या एकाच बशीत टाकायचा आणि मग बशीत बोट फिरवत बसायचा. पेट्रोलच्या हातांनी पोहे खायचा, पाहुण्यांच्या टॉवेलला हात पुसायचा. दोन्ही कार्ब्युरेटर सारखे लावायचे तर त्याची रीत काय? स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "हा डावा रडून राह्यला." मग डाव्याच्या स्क्रूला पाव फेरा. तो गेला की मी बोटवाल्यांना त्याची नक्कल करून दाखवायचो, आणि ती मला छान जमायची. स्कूटर दरवेळी सुरू व्हायची हे खरं, पण ते श्रेय मी नशिबाला द्यायचो. अडाणी माणसाला नशीब फार साथ देतं, असं माझं ठाम मत होतं.

मागच्या हिवाळ्यात सहली सुरू व्हायच्या आधी त्यानं दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून साफ केले. परत बसवताना ते आणि इंजिन यांच्या मधलं रबर फाटलेलं निघालं. नवीन मागवायला हवं होतं. यानं खिशातून कुणाची तरी लग्नपत्रिका काढली, कात्रीनं तिचं पॅकिंग कापलं, आणि ते बसवून कडेनं धुण्याचा साबण चोळून लावला.

ही युक्ती तुम्ही पाहिली असेल. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गळती टाकी खेड्यात साबणानं बुजवतात. जमिनीवर ते चालतं. पण पाण्याचे शिंतोडे उडाले की साबण धुऊन जाणार, फटीतून हवा शिरणार, पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पडणार आणि पिस्टन जाम होणार. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं. मी बोललो नाही. एकदा सगळ्यांसमोर याची जिरावी, एवढंच मनात होतं.

काठावर इंजिन सुरेख सुरू झालं. "झालं समजा," तो म्हणाला. चाचणी नेहमी आमचा बोटवाला घ्यायचा, पण तो मोठी बोट घेऊन पलीकडच्या काठाला गेला होता. "मीच पाहून येतो," म्हणत हा बसला. मी जॅकेट पुढं केलं.

"मी का पावना हाव?"

एरवी आमदार आला तरी जॅकेटाशिवाय मी पायरी उतरू देत नाही. त्या दिवशी मी जॅकेट परत खिळ्याला अडकवलं.

तो मध्यावर पोचला. इंजिनाचा आवाज चढला, चिरका झाला आणि एकदम थांबला. वाऱ्यानं स्कूटर आडवी झाली, तो मागं वळायला गेला आणि पाण्यात पडला. मी ओरडलो. लांब जाळं टाकणाऱ्या एका भोयानं ऐकलं आणि डोंगा वळवला. डोंगा पोचेपर्यंत मला फक्त स्कूटरच्या कडेला धरलेला त्याचा एक हात दिसत होता. तो सुटू नये, एवढंच मी म्हणत होतो. देवाला म्हणत होतो की त्या हाताला, ठाऊक नाही.

काठावर आणला तेव्हा त्याचे दात वाजत होते. "मले पोहता येत नाई," तो म्हणाला. दोन वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मालक धावत आला. "काय करून ठेवलं बे तू?"

"माह्यी चूक झाली, भाऊ. साबन लावला. पान्याचं ध्यानातच नाई राह्यलं."

मालक चिडून स्कूटर ओढायची सोय बघायला गेला. मग मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. "सायब, तुमी तं बाजूलेच उभे होते. तुमाले दिसलं नाई का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यानं पेटी उचलली. त्यानंतर तो धरणावर आला नाही. आता नांदेडहून माणूस येतो, नवं रबर आणतो, पुस्तकाप्रमाणं काम करतो. त्याच्याशी बोलण्यासारखं काही नसतं.

मध्यंतरी मी ढाणकीला गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. तो एका फवारणी पंपावर वाकला होता. त्यानं मान वर केली, मला ओळखलं, आणि ज्या नजरेनं मी दोन वर्षं त्याच्याकडं पाहिलं होतं, त्याच नजरेनं क्षणभर माझ्याकडं पाहून पुन्हा कामाला लागला. मी अर्धा चहा टाकून बस धरली.