भागरताआजीचा बोटभर दंड

घ्या, चहा घ्या आधी. अन् हसाचं असंन तं आत्ताच हसून घ्या. ह्या भानगडीपायी लाजता लाजता माही लाज केव्हाचीच संपली, आता निस्तं थकल्यासारखं होते.

माहेर माहं चांद्याचं, सासर कुरखेड्याचं. आमच्या ह्यांचं बांगड्यांचं दुकान, अन् माह्या घरी पायाची शिवणमशीन. ती मशीन आहेरात आली तेव्हा माय म्हणे, "शमीम, तुले कामी पडंन." पडली ना! मले सोडून साऱ्या गावाले कामी पडली.

कोणतीही बाई येणार अन् दारातूनच म्हणणार, "भाभी, दोन टिपा मारून देजो वो!" दोन टिपा! फुलपँटीची हाफपँट, हाफपँटीची पिशवी, पिशवीचं पायपुसणं, सारं त्या दोन टिपांत. लग्नाले चार वर्षं झाली होती. चार वर्षांत कंबर गेली, मान गेली, पण टिपा काई दोनाच्या तीन झाल्या नाई. अन् नाई म्हणाची सोय आहे का? "चांद्याची आहे, भाव खाते" म्हणतीन.

त्यात त्या साली गाऊनची साथ आली. म्हणजे नव्वद सालानंतरची गोष्ट, पंच्याण्णव-शहाण्णव असंन. कोण्या मास्तरीणबाईनं नागपुरातून गाऊन आणला, अन् साऱ्या गावाले वाटलं आपल्याले पण पायजे. जी ती जुनी साडी घेऊन माह्या दारात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी सहा गाऊन शिवले. सहा! झोपेतही माहे पाय मशीन हाणत होते म्हणे. ह्यांनी सांगितलं.

अशात एक दिवस दुपारी भागरताआजी आली. आमच्या कुडापलीकडची म्हातारी, सत्तरीची, काडीसारखी बारीक, अन् बोलणं एकदम हळू. हातात लाल काठाचं हिरवं नऊवारी लुगडं.

मी मशीनवर. खडखड, खडखड. आजी बोलून राह्यली अन् मी मान हलवून राह्यली. थकलेल्या माणसाचं तुमाले माहीत आहे ना, "हो आजी, हो आजी" आपोआप निघते तोंडातून. ती पाचक मिनिटं बोलली. माह्या कानात शिरलं तेवढं इतकंच: "मधात झिजलं आहे" अन् "दंड घालून ठेव" अन् "मंडईले नेसाचं आहे."

आता दंड म्हणजे काय? आमच्या चांद्याले दंड दोनच. एक कोर्टाचा, एक हाताचा. आमच्या घरी सलवार-कमीज, लुगडं मी बापजन्मात नेसली नाई. मले वाटलं, इथी बाहीलेच दंड म्हणत असतीन. भलत्याले भलतं म्हणाची सवयच आहे ह्या लोकायले! म्हणजे लुगड्याले बाह्या. म्हणजे गाऊन. सातवा.

संध्याकाळी ह्यांनी ते लुगडं पाह्यलं. "ये किसका है?"

"भागरताआजीचं. गाऊन शिवाचा आहे."

"वो बुढ़िया मॅक्सी पहनेगी? पागल हो गई क्या तू?"

"तुमी बांगड्या विका जी," मी म्हटलं. "कपड्यातलं मले शिकवू नका."

अन् चालवली कैची! मधातला झिजलेला भाग काढून फेकला, पुढचा-मागचा भाग कापला, गळा गोल कापला, खाली झालर.

दोन दिवसांनी आजी कुडावरून डोकावली. "झाला का वो दंड?"

"एक झाला आजी, एक राह्यला."

"दोन काऊन?"

"आता दोन तं लागतेच ना! एका दंडानं कसं होईन?"

"बरं बाई, तू शिकलेली आहेस. दोन घाल. मजबूत होईन."

"अन् केवढा ठेवू?"

"बोटभर पुरे."

"बोटभर?"

"मंग काय हातभर ठेवतेस? दंडच होय ना तो!"

बाप्पा! बोटभर बाही! मी म्हटलं, ही म्हातारी तं सिनेमातल्या बायायच्या पुढं गेली. पण माह्या हातून असं काम होते का? लोकं आजीले नाई, मलेच नावं ठेवतीन. म्हणून मी माह्या अकलेनं कोपरापर्यंत चांगल्या फुग्याच्या बाह्या घातल्या, अन् काठाले रबर ओवलं. घट्ट. फुगा कसा गरगरीत उभा राह्यला! मले सोताचंच कौतुक वाटलं, खोटं काऊन बोलू?

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी आजी लुगडं न्याले आली. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, पाहुणेरावळे येतात, लेकी-बहिणी, भाऊ, सारे. मी मोठ्या तोऱ्यात गाऊन झटकून तिच्यासमोर धरला.

आजीनं पाह्यलं. वरून खाली. बाहीच्या फुग्याले बोटानं हळूच दाबून पाह्यलं.

"हे काय होय?"

"तुमचा गाऊन."

"अन् माहं लुगडं?"

"हेच तं लुगडं, आजी!"

"अवो माय वो!" म्हणली अन् खालीच बसली. मले वाटलं, आता शिव्या देईन. शिव्या दिल्या असत्या तं परवडलं असतं. ती निस्ती म्हणली, "माहा भाऊ उद्या येऊन राह्यला वो."

मंग तिनं सारं परत सांगितलं. मशीन बंद होती, ह्या वेळी सारं ऐकू आलं. लुगडं मधात झिजलं की तेवढा भाग कापाचा अन् दोन्हीकडचे चांगले तुकडे एका शिवणीनं जोडाचे. त्या जोडाले म्हणतात दंड. बोटभर रुंद. एकच.

अन् ते लुगडं तिच्या भावानं, सोमाजीनं, भाऊबीजेले दिलेलं. तो चिमूरकडं रायते. दुसऱ्या वर्षी तो आला तं हिच्या अंगावर दुसरंच लुगडं. कोणी तरी चुगली केली, का तुहं लुगडं तिनं सुनेले देऊन टाकलं. झालं! "माह्या हातचं तुले नेसू वाटत नाई ना?" म्हणून भरल्या ताटावरून उठला अन् चालता झाला. सहा वर्षं अबोला. खरं म्हणजे ते लुगडं त्या दिवशी धुवून मागं वाळत होतं. पण आजीनं एक शब्द सांगितला नाई. "त्यानं मले विचारलं काऊन नाई?" हा तिचा राग. भाऊ तसा बहीण!

सहा वर्षांत तिनं ते लुगडं इतकं नेसलं का मधात जाळी झाली. आता भाच्यानं कसंतरी समजावून बापाले मंडईले आणाचं ठरवलं होतं. अन् आजीच्या मनात एकच, तेच लुगडं नेसून त्याच्यापुढं उभं रायाचं. तोंडानं काई सांगाची गरज नाई पडली पायजे.

आता सांगा, मी काय करू? मले रडूच कोसळलं. आजीच मले म्हणे, "रडू नको वो भाभी, मी सुती पातळ नेसीन." त्यानं तं मले अजूनच मेल्यासारखं झालं.

ह्यांनी दुकान बंद केलं अन् ब्लेड घेऊन शिवण उसवाले बसले. "मैं बोला था," हे त्या दिवशी मी इतक्या वेळा ऐकलं का मोजणं सोडून दिलं. ते उसवत गेले अन् मी जोडत गेली. पुढचा भाग, मागचा भाग, झालर सरळ करून तिची पट्टी, बाह्या उलगडून त्याचे तुकडे. गोल गळा कापून टाकला. दिवसभर मान वर नाई केली. नऊ वारातलं साडेसहा वार वाचलं, अन् एका दंडाच्या जागी झाले सात. सात दंडाचं लुगडं! त्याले लुगडं म्हणाचं का नकाशा, देव जाणे. ते तं बरं, आजी बारीक, तिच्या अंगाले कासोट्यासकट कसंबसं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमाजी आला. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, तोंड गाडग्याएवढं फुगलेलं. मी कुडाच्या मागं उभी. आजी तांब्याभर पाणी घेऊन समोर आली.

सोमाजीनं पाणी घेतलं अन् त्याची नजर लुगड्यावर पडली. काठ ओळखला. मंग एक दंड दिसला, मंग दुसरा. म्हातारा बोटानं मोजाले लागला. "एक, दोन, तीन... बाई, सात दंड?"

आजीनं मान खाली घातली.

"सात-सात खेपा झिजवलं तू हे? अन् मी इथून जेवणावरून उठून गेलो!" अन् तो एवढा मोठा माणूस अंगणात हमसून हमसून रडाले लागला. आजी रडली, सून रडली, कुडामागं मी रडली. मी दोन कारणानं रडली, ते तुमाले समजतेच.

सारं मस्त जमत होतं पाहा. अन् तेवढ्यात सोमाजीनं डोळे पुसत बहिणीच्या कंबरेजवळ बोट दाखवलं. "पण बाई, ह्या चुण्या कायच्या?"

मी कुडावरून वाकून पाह्यलं. फुग्याच्या बाहीचा तुकडा! त्याच्या काठातलं रबर काढाचं मी इसरली होती! म्हाताऱ्यानं चिमटीत धरून ते ओढलं अन् सोडलं. टण्ण!

"हे तं रबर होय!"

मी मनात कलमा म्हणाले लागली. आता खरं बाहेर येईन अन् म्हातारा पुन्हा चालता होईन, सहा वर्षासाठी.

पण भागरताआजी! हळू बोलणारी म्हातारी, पण पापणीही नाई हालली तिची. "म्हातारपणी लुगडं सुटते ना रे दादा," म्हणली. "म्हणून त्याले रबर घालून घेतलं. आमची शमीमभाभी घालते. नवीन पद्धत आहे."

"असं का?" सोमाजीनं अजून एकदा ओढून पाह्यलं. टण्ण. "बम हुशार बाई आहे!"

झालं, भाऊ-बहीण एका ताटात जेवले. मी घरी येऊन जी झोपली ते दुसऱ्या दिवशीच उठली. मले वाटलं, सुटली!

आठ दिवसांनी एसटीतून चिमूरकडच्या चार म्हाताऱ्या उतरल्या अन् पत्ता विचारत विचारत थेट माह्या दारात. प्रत्येकीच्या काखेत लुगडं. "रबर घालणारी भाभी ते तूच ना वो? आमाले सोमाजीनं पाठवलं. दोन टिपा मारून देजो."

मी पळत भागरताआजीकडं गेली. "आजी, त्यायले खरं सांगून द्या ना!"

"काय सांगू?" आजी म्हणली. "मी भावाशी खोटं बोलली म्हणून सांगू? सहा वर्षानं बोलला वो तो."

मंग बसली मी मशीनवर. त्या चार गेल्या अन् पुढच्या बाजाराले नऊ आल्या. कोणाच्या सुनेले लुगडं नेसता येत नाई, कोणी धान कापताना वाकली का कासोटा सुटते, साऱ्यांवर औषध एकच. तेव्हापासून आजपर्यंत मी किती मीटर रबर ओवलं, मले विचारू नका, बोटं दुखतात.

अन् सगळ्यात वाईट सांगू? त्या लुगड्यायची एक तक्रार नाई आली. एक नाई! इतक्या वर्षांत मी काय काय डोकं लावून शिवलं, झालरी, फुगे, गोल गळे, कोण्या कुत्र्यानं विचारलं नाई. पंचक्रोशीत नाव झालं ते जे काढाचं इसरली त्याच्यानं.